जे सुनावणीपर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचं काय?

प्रति,
शहराचे आराखडे करणारे, ते मंजूर करणारे आणि शेवटी त्या कामांची बिलं पास करणारे सगळे अधिकारी, इंजिनिअर आणि लोकप्रतिनिधी

नमस्कार,

आधी दोन पत्रं रीतसर दिली होती, दोन्हींची पोच मिळाली, उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. राग आहे, तो लपवत नाही, पण भांडायला म्हणून लिहीत नाहीये. एक काम सुचवायचंय आणि ते तुमच्या हातातलं आहे.

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या फुटपाथ आणि चौकांच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या होत्या. सुनावणी दुसऱ्या मजल्यावर, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. माझी आई स्ट्रोक आला तेव्हापासून व्हीलचेअरवर असते, डावी बाजू चालत नाही पण डोकं आणि जीभ दोन्ही ठणठणीत आहेत, आणि ज्या चौकाबद्दल बोलायचं होतं तो तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये कारण फिजिओसाठी आठवड्यातून तीनदा ती तो ओलांडते. तिनं स्वतःच्या हातानं सूचनांचा कागद लिहिला होता. तिथं पोचलो तर लिफ्ट बंद. शिपाई दादा बिचारे चांगले होते, म्हणाले चौघं मिळून खुर्चीसकट उचलून वर नेतो. आई नको म्हणाली. आणि का हो म्हणावं तिनं? चार अनोळखी माणसांनी आपल्याला उचलून जिना चढवायचा ही काय सूचना द्यायची अट आहे का? मग ती खाली जिन्यापाशी थांबली, मी वर जाऊन कागद दिला, दीड तासानं खाली आले तर तिनं एवढंच विचारलं, "वाचला का कुणी?" मला खोटं बोलता आलं नाही.

नंतर त्या सुनावणीचं इतिवृत्त मिळवून वाचलं. किती जण हजर होते, किती सूचना आल्या, किती मान्य, किती अमान्य, सगळं नीट लिहिलेलं. जिन्यापाशी बसलेल्या बाईची नोंद त्यात नाही. कुणी मुद्दाम गाळली असं मी म्हणत नाही, तसा रकानाच नसतो. मला त्या नसलेल्या रकान्याबद्दलच बोलायचंय.

विचार करा ना, शहराच्या सेवांची सगळ्यात जास्त गरज कुणाला असते? ज्याला स्वतःची गाडी नाही त्याला बसची, ज्याच्या घरात नळ नाही त्याला सार्वजनिक नळाची, जिला दिवसभर बाहेर काम आहे तिला स्वच्छ टॉयलेटची, ज्याला नीट दिसत नाही त्याला सपाट फुटपाथची. आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला दुसऱ्या मजल्यावर यायला सगळ्यात कमी कुणाला जमतं? याच सगळ्यांना. चार घरची कामं करणारी बाई खाडा करून येणार नाही, नाइट शिफ्ट करून आलेला माणूस तेव्हा झोपलेला असतो, घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर त्याला सोडून कुणी येत नाही, कालपरवा गावाहून आलेल्याला तर अशी सुनावणी असते हेच माहिती नसतं, आणि लहान मुलांना कुणी बोलावतच नाही. मग जे येतात त्यांच्या सूचनांवर आराखडा ठरतो आणि आपण म्हणतो की लोकांना विचारलं होतं. जे येतात त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, वेळ काढून येतात, चांगलंच आहे. पण त्यांना चौकात कुठला प्रॉब्लेम येतो आणि माझ्या आईला कुठला येतो यात फार फरक आहे.

शेरी आर्नस्टाइन म्हणून अमेरिकेतल्या एक बाई होत्या, त्यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यात खाली लोकांना नुसतं गुंडाळणं आणि सगळ्यात वर लोकांच्या हातात खरा निर्णय. सल्ला घेणं, म्हणजे आपली हरकती-सूचना ज्या प्रकारात बसते ते, त्यांनी चौथ्या पायरीवर ठेवलंय, कारण विचारलं तरी ऐकलं जाईलच याची काही हमी त्यात नसते. मला ती शिडी पटते, फक्त माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे, शिडीपर्यंत कोण पोचू शकलं हे आधी मोजा.

न विचारता काम केलं की काय होतं ते एकदा जवळून दाखवते, कारण "सर्वसमावेशक" हा शब्द प्रत्येक अहवालात असतो आणि तो वाचून सगळं झाल्यासारखंच वाटतं.

आम्ही दहाबारा जण आहोत, कुणाच्या घरी व्हीलचेअर आहे, कुणी स्वतः पांढरी काठी घेऊन चालतं, दोघं रिटायर्ड आहेत, एक कॉलेजातली मुलगी. एका रविवारी आम्ही मोजपट्टी घेऊन निघालो. एका सरकारी ऑफिसबाहेर नवा कोरा रॅम्प होता, वर व्हीलचेअरचा निळा बोर्डसुद्धा. दाराशी तीन पायऱ्या, मिळून 45 सेंटिमीटर उंची. रॅम्पचा साधा हिशोब असा असतो की एक भाग उंचीला निदान बारा भाग लांबी, म्हणजे 45 सेंटिमीटरला जवळपास साडेपाच मीटर. तो रॅम्प भरला दोन मीटर. आईची खुर्ची मी ढकलत होते, अर्ध्यात गेल्यावर पुढची चाकं उचलायला लागली, आईनं उजव्या हातानं रेलिंग धरायला हात पुढं केला तर रेलिंग फक्त डाव्या बाजूला. तिचा डावा हात चालत नाही. दोन सेकंदांचाच प्रकार झाला, मागून आमच्यातल्या काकांनी खुर्ची धरली म्हणून निभावलं. त्यानंतर आई त्या रॅम्पकडे बघतही नाही, "पायऱ्या बऱ्या, निदान त्या फसवत नाहीत" म्हणते.

थोडं पुढं गेलो तर फुटपाथवर त्या पिवळ्या उंचवट्याच्या टाइल्स होत्या. आमच्यातल्या ज्या मित्राला दिसत नाही त्याला खूप आनंद झाला, तो काठी सोडून पायानं अंदाज घेत चालायला लागला. या टाइल्स जपानमधल्या सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधल्या, 1967 मध्ये ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या, आणि आता त्यांची भाषा अशी की लांब रेघा म्हणजे सरळ चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे. आमच्या फुटपाथवर रेघांची ओळ थेट विजेच्या खांबात जात होती. एकही ठिपका नाही. मी ओरडले तेव्हा त्याचा हात खांबाला लागला होता. तो शांतपणे म्हणाला की हे त्याच्यासाठी नवीन नाही, आणि आमच्यापैकी कुणालाच पुढं काही बोलता आलं नाही.

मला हे अगदी मनापासून सांगायचंय की तो रॅम्प बांधणारा, त्या टाइल्स बसवणारा वाईट माणूस नसणार. इस्टिमेटमध्ये "रॅम्प, नग 1" असं असणार, टाइल्स चौरस मीटरमध्ये असणार, तेवढ्या बसल्या, मोजमाप वहीत चढल्या, बिल पास झालं. कागदावर काम पूर्ण आहे. फक्त ज्याच्यासाठी केलं तो माणूस बिल पास होण्याआधी एकदाही तिथून गेला नाही. म्हणून आमची एक मागणी अगदी साधी आहे: असं काम पूर्ण झालं की बिलावर सही होण्याआधी वापरणाऱ्या दोन-तीन जणांनी ते वापरून बघायचं, कॉन्ट्रॅक्टर आणि इंजिनिअरच्या समोर, आणि त्यांनी "जमलं" म्हटल्याशिवाय सही नाही. आणि त्या माणसांना येण्याजाण्याचा खर्च आणि वेळेचा मोबदला द्या. सल्लागार कंपनीला पैसे देता ना, मग ज्याला त्या रस्त्याची प्रत्येक फट पाठ आहे त्याचा सल्ला फुकट कशाला?

सिग्नलचंही तसंच. बऱ्याच ठिकाणी पायी चालणाऱ्यांच्या सिग्नलची वेळ काढताना माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरतात, म्हणजे 12 मीटरच्या रस्त्याला 10 सेकंद. इंग्लंडमध्ये 65 वर्षांवरच्या लोकांचा वेग मोजला तेव्हा पुरुषांचा सरासरी 0.9 आणि बायकांचा 0.8 मीटर निघाला. 0.8 नं तोच रस्ता ओलांडायला 15 सेकंद लागतात. म्हणजे ती आजी पाच सेकंद गाड्यांच्या समोर उभी, आणि आपण म्हणतो म्हातारी माणसं रस्ता नीट ओलांडत नाहीत. सिंगापूरनं 2009 पासून असा सिग्नल आणला की ज्येष्ठ किंवा अपंग माणसानं आपलं कार्ड खांबावरच्या मशीनला लावलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. मशीन नाही परवडत तर नका लावू, नुसती वेळ वाढवायला तर मशीन लागत नाही ना.

व्हिएन्नाचं उदाहरण मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. तिथं नव्वदच्या दशकात सार्वजनिक बागांमध्ये कोण येतं याचा अभ्यास केला तर दिसलं की साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलं मात्र येत राहतात. मुलींना खेळायला आवडत नाही असं म्हणून विषय संपवता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. बागेत एकच मोठं मोकळं मैदान असेल तर मोठी मुलं ते धरून बसतात आणि मुली भांडत बसण्यापेक्षा निघून जातात, हे लक्षात आल्यावर 1999 मध्ये दोन बागा बदलल्या, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, झाडंझुडपं लावून मोठ्या जागेचे छोटे भाग पाडले. मुली परत आल्या. यात मला काय महत्त्वाचं वाटतं सांगू? त्या मुलींनी कुठं अर्ज केला नव्हता, हरकत घेतली नव्हती, त्या फक्त यायच्या बंद झाल्या होत्या, आणि कुणीतरी ते मोजलं. न येणं हीच त्यांची हरकत होती. आपल्याकडं बस रिकामी गेली की "मागणी नाही" असा शेरा मारून फेरी बंद करतात, पण त्या स्टॉपवर रात्री दिवा नाही म्हणून बायका तिथं थांबत नाहीत हे कोण लिहिणार?

यावर नेहमी येणारं उत्तर मला माहितीये. बजेट नाही, माणसं नाहीत, सगळ्यांना विचारत बसलो तर काम कधी करणार. खरंय, तुमच्याकडं माणसं कमी आहेत, एकेका इंजिनिअरकडं किती कामं असतात ते मी बघितलंय. पण तो दोन मीटरचा रॅम्प आता तोडून परत बांधावा लागणार, म्हणजे एकाच कामाचा खर्च दोनदा, आणि मध्ये तोडायचा खर्च वेगळा. आधी एक दुपार आमच्याबरोबर घालवली असती तर हे वाचलं असतं. आणि पैशाचाच विषय असेल तर ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरानं 1989 मध्ये सुरू केलं ते बघा, शहराच्या बजेटातल्या कामांचा क्रम वस्त्यावस्त्यांतल्या सभांमध्ये लोकांनी ठरवायचा, प्रतिनिधी निवडायचे, आणि जिथं सोयी कमी तिथं वाटा जास्त हे सूत्रातच बसवलेलं. पाणी आणि गटारं गरीब वस्त्यांत पोचली ती त्यामुळं. पुढे राजकारण बदललं तसं तिथंही ते कमजोर पडलं, म्हणून मी म्हणते की हे कुणा एका चांगल्या अधिकाऱ्याच्या मनावर सोडू नका, नियमात लिहा. चांगला अधिकारी बदलीवर जातो. नियम बदलायला निदान कुणाला तरी सही करावी लागते.

अजून एक गोष्ट ऐकायला मिळते की फुटपाथला उतार केला तर बाळाच्या गाड्या, बॅगा ओढणारे, सामान पोचवणारे, सगळ्यांनाच फायदा होतो, म्हणून करा. खरं आहे ते, 1945 मध्ये अमेरिकेत कॅलमझू शहरात युद्धातून जखमी होऊन आलेल्यांसाठी असे उतार केले तेव्हापासून हे दिसलेलं आहे. पण हा युक्तिवाद मी करणार नाही. उद्या एखादी सोय अशी निघाली की तिचा फायदा फक्त माझ्या आईला आणि तिच्यासारख्या दोनतीनशे जणांना आहे, तर ती करायची नाही का? 1978 च्या जुलैत डेन्व्हर शहरात 19 अपंग माणसं व्हीलचेअर घेऊन भर चौकात बसपुढं आडवी झाली, काही खुर्चीतून खाली उतरून रस्त्यावर पडून राहिली, कारण नव्या बसमध्ये त्यांना चढता येत नव्हतं. बस त्यांच्याही शहराची होती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि संख्येचंच म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेचा 2022 चा अंदाज आहे की जगात 1.3 अब्ज लोकांना, म्हणजे सहातल्या एकाला, लक्षणीय अपंगत्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात स्पष्ट लिहिलंय की अपंग व्यक्तींशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्या संघटनांमार्फत त्यांच्याशी सल्लामसलत करायची आणि त्यांना सामील करून घ्यायचं. सुनावणीची जागा ठरवणं हाही निर्णयच आहे.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात. सगळे अर्ज ॲपवर गेले, चांगलं झालं, रांगा कमी झाल्या. पण आमच्या त्या मित्राचा स्क्रीन रीडर, म्हणजे फोनवरचं वाचून दाखवणारी सोय, बटणावर गेला की फक्त "बटन" एवढंच बोलतो कारण बटणाला नाव दिलेलं नाही, आणि शेवटी चित्रातली वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला सांगतात. ज्यांच्याकडं फोन मुलाचा असतो त्यांचा ओटीपी मुलगा कामावरून आल्यावर येतो. खिडकी बंद करू नका, एक तरी चालू ठेवा आणि तिथं बसलेल्या माणसाला वेळ द्या.

आणि ही चूक फक्त तुमचीच होते असं नाही. आम्ही आमची पहिली मीटिंग घेतली तेव्हा रॅम्प बघितला, तळमजला बघितला, रविवार धरला, आणि एक काका-काकू आले ते दोघंही कर्णबधिर. सांकेतिक भाषा येणारं आमच्यात कुणीच नव्हतं. दोन तास ते आमच्या तोंडाकडं बघत बसले, जाताना काकूंनी हसून हात हलवला आणि परत कधी आल्या नाहीत. मला अजून त्यांचं वाईट वाटतं. त्यानंतर आम्ही प्रत्येक मीटिंगच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायला लागलो की आज कोण नव्हतं, आणि का नसेल, आणि पुढच्या वेळेआधी त्यांच्याकडं कोण जाणार. शाळेची वही आहे साधी. तिच्यामुळंच कळलं की आमच्याकडं झोपडपट्टीतलं कुणीच येत नव्हतं, कारण आम्ही मेसेज फक्त सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकत होतो.

तेच पान तुमच्या इतिवृत्तात हवंय. आराखडा कागदावर यायच्या आधी, टेंडर निघायच्या तर खूपच आधी, ही जागा कोण वापरतं ते लिहा, मग त्यातलं कोण सुनावणीला येऊ शकणार नाही ते लिहा, आणि त्यांच्याकडं तुम्ही जा, संध्याकाळी वस्तीत, शाळेत मधल्या सुट्टीत, बसस्टॉपवर, दवाखान्याच्या बाकड्यावर. जे सांगतील त्याचं काय केलं ते त्यांना समजेल अशा भाषेत परत जाऊन सांगा, "अमान्य" असेल तर का अमान्य तेही. नाही म्हणालात तरी चालेल, कारण तरी कळू द्या. ज्या सुनावणीच्या इतिवृत्तात हे पान नसेल ती पूर्ण झाली असं धरू नका. वही आम्ही आणून दाखवतो, काय चुका केल्या तेही सांगतो.

आईचा कागद तुमच्या फायलीत असेल. पाचच ओळी आहेत, अक्षर थोडं वाकडं आहे. तिनं लिहिलंय की चौकाच्या तीन कोपऱ्यांवर फुटपाथला उतार आहे, दवाखान्याकडच्या चौथ्या कोपऱ्यावर नाही, त्यामुळं रस्ता ओलांडून झाल्यावर वर चढता येत नाही आणि सिग्नल सुटेपर्यंत गाड्यांच्या बाजूनं कडेकडेनं पुढच्या गेटापर्यंत जावं लागतं. तो कोपरा अजून तसाच आहे, काल पण आम्ही तिथूनच गेलो.

पुढची सुनावणी तळमजल्यावर ठेवणार असाल तर कृपया दोन दिवस आधी कळवा. आईला तयार होऊन निघायला दीड तास लागतो आणि तिला यायचंय.

आपली,
एक नागरिक, आणि रविवारी मोजपट्टी घेऊन फिरणारे आम्ही सगळे